साधी गाठ, पण छातीतली

"गाठ साधी आहे, कॅन्सर नाही," एवढे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण त्याच दमात डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन करावे लागेल, छाती उघडावी लागेल," आणि मग कोणालाच काही उमजेनासे होते. साधी आहे तर उघडायची कशाला? आणि उघडायचीच असेल तर ती साधी कसली? महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर आपल्या फिरत्या दवाखान्याबरोबर जाताना हा प्रश्न मला एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात, छातीच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात, परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर काय होते त्यापेक्षा आदल्या रात्री आणि नंतरच्या आठवड्यात काय होते, ते मी जास्त पाहिले आहे. जे पाहिले आणि जे डॉक्टरांकडून शिकले ते इथे सांगते. आपल्या कार्यकर्त्यांना आणि आशाताईंना घरच्यांशी बोलताना त्याचा उपयोग व्हावा.

साधी गाठ म्हणजे आपल्या जागी राहणारी गाठ. ती हळूहळू वाढते, शेजारच्या अवयवाला बाजूला सारते, पण त्याच्या आत घुसत नाही आणि रक्तातून दुसरीकडे जाऊन नवे बिऱ्हाड मांडत नाही. कॅन्सरची गाठ ही दोन्ही कामे करते. पाठीवर किंवा दंडावर चरबीची मऊ गाठ घेऊन वीस-वीस वर्षे हिंडणारी माणसे प्रत्येक वाडीत असतात. लाकडे तोडतात, मोळी वाहतात, गाठ आपली तिथेच. तिला वाढायला बाहेर मोकळी जागा असते. छातीत तशी जागा नाही. छाती म्हणजे बरगड्यांचा बंद पेटारा. आत दोन फुप्फुसे, हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या खचाखच भरलेल्या. भाताने गच्च भरलेल्या कणगीत एक नारळ बसवायचा म्हटले तर तेवढा भात बाहेर काढावा लागेल. इथे बाहेर काढायला काही नसते, म्हणून जे मऊ आहे ते दबते. फुप्फुस सगळ्यांत मऊ, म्हणून ते आधी माघार घेते, आणि ते निमूटपणे माघार घेते म्हणूनच बराच काळ काहीही कळत नाही. चढावर दम लागतो, पण दम तर सगळ्यांनाच लागतो. घाट उतरून रस्त्यावर यायला तास लागतो अशा वाडीतल्या बाईने "दम लागतो" म्हटले तर तिच्याकडे कोण लक्ष देणार?

गाठ कुठे आहे, यावरूनच ती कसली असेल याचा निम्मा अंदाज येतो. आपल्याकडच्या जुन्या घराला पुढे ओटी, मधे माजघर आणि मागे परस असतो ना, तसे दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेचेही डॉक्टर पुढचा, मधला आणि मागचा असे भाग करतात. ओटीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वयाबरोबर आक्रसते. तिच्यात गाठ होऊ शकते. गळ्यातली गलगंडाची गाठ खाली उतरून इथेच येते. माजघरात बहुधा पाण्याच्या पिशव्या असतात, जन्मापूर्वी श्वासनलिका तयार होताना सुटून राहिलेल्या पेशींच्या. परसात, म्हणजे पाठीच्या कण्याला लागून, मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी होतात. त्या मोठ्या माणसांत बहुतेक साध्या निघतात, पण अगदी लहान मुलांत तसे गृहीत धरता येत नाही. मागच्या या गाठींतली एखादी कण्याच्या भोकातून आत शिरते आणि डमरूसारखी होते, अर्धी आत, अर्धी बाहेर. अशा वेळी आधी एमआरआय करून पाहावा लागतो आणि मेंदू-मणक्याचे सर्जनही हाताशी लागतात, नाहीतर बाहेरची अर्धी ओढताना आतल्या मज्जारज्जूला इजा व्हायची.

फुप्फुसाच्या आतली सगळ्यांत नेहमीची साधी गाठ म्हणजे हॅमार्टोमा. तिच्यात कूर्चा, चरबी असे फुप्फुसाचेच घटक वेडेवाकडे एकत्र आलेले असतात. सीटी स्कॅनमध्ये कधी कधी तिच्यात मक्याच्या लाह्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात. तसे दिसले आणि गाठ लहान असली तर डॉक्टर तिला हातही लावत नाहीत. वर्षाने पुन्हा फोटो काढून तुलना करतात, एवढेच. तेव्हा छातीत गाठ दिसली की ऑपरेशन झालेच, असे नाही.

आता टेराटोमा नावाच्या गाठीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण वाडीवर तिच्यावरून घोळ होऊ शकतो. गर्भात बाळ घडत असताना काही बीजपेशी आपल्या जागी पोहोचण्याआधी वाटेत राहून जातात. त्या पेशींमध्ये शरीराचा कोणताही भाग घडवण्याची शक्ती असते. पुढे त्यांची गाठ झाली तर तिच्यात कातडी, केस, तुपासारखा तेलकट मळ, कधी हाड, कधी दातसुद्धा सापडतो. ऐकायला भयंकर वाटते, पण पूर्ण वाढ झालेल्या पेशींची अशी गाठ साधी असते. क्वचित ती फुटून श्वासनलिकेत उघडते आणि खोकल्यातून केस येतात. एखाद्या तरुण मुलीच्या थुंकीत केस निघाले तर घरात काय बोलले जाईल, ते तुम्हाला सांगायला नको. करणी झाली, कोणीतरी घातले, अमकीची नजर. मग त्या अमकीच्या दारात भांडण. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सांगावाच. पण नुसता कायदा सांगण्यापेक्षा "हे केस गाठीतले आहेत, फोटोत गाठ दिसेल" हे सांगणे जास्त उपयोगी पडते. थुंकीत केस येणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने इतकी पक्की खूण आहे की तेवढ्यावरून निदान होते. असा केस दिसला तर फेकू नका. कागदाच्या पुडीत घालून दवाखान्यात आणा.

थायमसच्या गाठीची खूण वेगळी. संध्याकाळ झाली की पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसते, भाकरी चावता चावता जबडा थकतो, आवाज नाकातून येतो. सकाळी उठल्यावर सगळे ठीक. या आजाराला मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. थायमसच्या गाठी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो असतो. १९३६ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जनने अशा आजाराच्या एका तरुणीच्या छातीतली थायमसची गाठ काढली. ती सुधारली, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रुळली. मात्र थायमसच्या गाठीला आता तज्ज्ञ सरसकट साधी म्हणत नाहीत. ती हळू चालणारी असली तरी शेजारी घुसू शकते, म्हणून तिला काढायचेच ठरवतात. पापण्या पडणाऱ्या माणसाला कोणी आळशी, झोपाळू किंवा दारू प्यालेला म्हणत असेल, तर कार्यकर्त्यांनी त्याला एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी पाहावे. फरक डोळ्यांना दिसतो.

या सगळ्यात आपल्या भागातला मोठा अडथळा म्हणजे टीबी. टीबी आहेच, भरपूर आहे, आणि कातकरी वस्त्यांवर कुपोषण, भट्टीचा धूर आणि दाटीची झोपडी यांमुळे तो जास्त आहे. त्यामुळे छातीच्या फोटोत पांढरा डाग दिसला की पहिले नाव टीबीचे येते, आणि दहापैकी बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण टीबीची औषधे सुरू करण्यापूर्वी बेडका तपासायला हवा. आता सीबीनॅट यंत्रावर ती तपासणी सरकारी केंद्रांतून फुकट होते. बेडक्यात जंतू नाहीत, ताप नाही, वजन उतरत नाही, डागाची कड काकडीसारखी गुळगुळीत गोल आहे आणि सहा महिने गोळ्या खाऊन डाग तिळभरही हलला नाही, तर मग डाग कसला आहे हे विचारलेच पाहिजे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून पाहिले की ही माणसे फुप्फुसात पाणी भरून मरतात, आणि त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते. ते काम लॅन्सेटमध्ये छापून आले आणि जगाने वाचले. साधनांची वानवा असलेल्या तालुक्यातही रुग्ण नीट पाहिला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे.

कुत्र्यांपासून होणारी हायडॅटिडची पाण्याची पिशवी ही खरे तर गाठ नव्हे, तो जंताचा आजार आहे, पण फोटोत ती हुबेहूब गोल गाठीसारखी दिसते. शेळ्यामेंढ्या कापल्यावर त्यांची खराब फुप्फुसे आणि काळीज कुत्र्यांपुढे टाकले की कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि मातीच्या हाताने माणसाच्या तोंडात जातात. हे सांगण्याचे कारण दुसरे आहे. घरचे नेहमी म्हणतात, "आधी सुईने थोडे काढून तपासा, मग बघू." पण हायडॅटिडच्या पिशवीत सुई गेली आणि पाणी छातीत सांडले तर अंगाला इतकी जोराची रिअॅक्शन येऊ शकते की जीव जातो. म्हणून छातीतल्या प्रत्येक गोल डागात डॉक्टर सुई घालत नाहीत. आधी सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, मग गरज असली तर सुई. कधी कधी गाठ पूर्ण काढून तपासणे हेच सुरक्षित असते.

आता एका बाईविषयी. तिचे नाव आणि वाडी लिहीत नाही. पोलादपूर तालुक्यातली, कातकरी, वय पंचविशीच्या आत-बाहेर, दोन मुले. दिवाळीनंतर नवरा-बायको वीटभट्टीवर जात, पावसाच्या तोंडावर परत येत. एका खाजगी दवाखान्यात फोटोवरून दोनदा टीबीची औषधे दिली होती, दोन्ही वेळा तिने ती पुरी केली. बेडका मात्र कोणी तपासला नव्हता. आम्ही तपासला तेव्हा त्यात काही निघाले नाही. मला तिच्या बोटांनी थांबवले. टोके फुगलेली आणि नखे पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. फुप्फुसाच्या दीर्घ आजारात असे होते. आणि तिची सासू म्हणाली, "सिस्टर, हिच्या पहाटे अंगात येतं. घामानं भिजते, काहीबाही बोलते, मग चहा पाजला की सावध होते."

चहा पाजला की सावध होते! हे ऐकल्यावर मी पुढच्या खेपेला वाडीवरच मुक्काम केला. पहाटे तिला घाम फुटला तेव्हा बोटातून रक्त काढून साखर पाहिली. ४२ होती. मधुमेह नाही, कसली गोळी नाही, आणि साखर ४२. गूळपाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती नीट बोलू लागली. सासूच्या चहातल्या साखरेने तिला किती पहाटे वाचवले असेल, कोण जाणे.

पुढे मुंबईत सीटी स्कॅन झाला. डाव्या छातीत नारळाएवढी गाठ. फुप्फुसावर जे पातळ आवरण असते त्यातून उगवणारी ही गाठ फार दुर्मीळ. क्लेंपरर आणि रेबिन या दोघांनी १९३१ मध्ये ती नीट वर्णन करून ठेवली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी डोएज आणि पॉटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळे लिहून ठेवले की अशा काही गाठी असलेल्या माणसांची साखर उतरते. कारण पुढे कळले: गाठ इन्शुलिनसारखे काम करणारा एक पदार्थ बनवून रक्तात सोडते. रात्रीच्या उपासाने पहाटे साखर आधीच खाली आलेली असते, त्यात ही भर. या गाठी बहुतेक साध्या असतात, पण सगळ्या नसतात. पूर्ण काढून प्रयोगशाळेत पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. आणि औषधाने ती विरघळत नाही.

घरच्यांना हे सांगणे हे खरे काम होते. मोठ्या रुग्णालयाचे नाव काढताच तिचा सासरा म्हणाला, "टाटाला नेणार? मग संपलंच." टाटा रुग्णालय परळला १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हापासून कॅन्सरसाठी ओळखले जाते, त्यामुळे आपल्याकडे कुठल्याही मोठ्या दवाखान्याला नेले की माणसे कॅन्सरच समजतात. टाटाला नव्हे, दुसरीकडे नेतोय, हे पटवण्यात एक दिवस गेला. भगताकडेही आम्ही गेलो. त्याला डावलून चालत नाही आणि डावलावे असे मला वाटतही नाही. तो म्हातारा शहाणा निघाला. "माझं करून झालंय," म्हणाला, "आता तुमचं करा." त्याच्या त्या एका वाक्याने आमच्या दहा वाक्यांचे काम केले.

अडचण निघाली ती पैशांची. भट्टीच्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीची उचल गणपतीतच घेतलेली होती आणि त्यातले बरेचसे पैसे खर्च झाले होते. ऑपरेशनची तारीख मार्गशीर्षात मिळाली. "ही मुंबईला आणि मी हिच्यापाशी, तर उचल कोण फेडणार?" नवऱ्याचा हा सवाल होता, आणि याचे उत्तर कुठल्याही सर्जनपाशी नव्हते. शेवटी धाकटा दीर आणि जाऊ त्यांच्या बदल्यात भट्टीवर गेले. थांबून पावसाळ्यात ऑपरेशन करू, असे मधे कोणी सुचवले होते. पण पहाटे साखर उतरणाऱ्या बाईला सहा महिने भट्टीवर पाठवणे म्हणजे जिवाशी खेळ झाला असता.

छाती उघडायची म्हणजे नक्की काय करतात? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सर्जन पोट उघडायला शिकले होते, पण छातीला हात लावत नसत. कारण छातीला भोक पडले की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुग्यासारखे बसते. १९०४ मध्ये जर्मनीत साउअरब्रुख यांनी एक खोलीच बनवली. तिच्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, रुग्णाचे धड आत, डोके बाहेर, आणि सर्जनही त्या खोलीतच. पुढे श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देण्याची पद्धत आली आणि त्या खोलीची गरज संपली. आपल्याकडे मिरजेच्या वॉनलेस मिशन हॉस्पिटलने क्षयरुग्णांसाठी वॉनलेसवाडीला वेगळे आरोग्यधाम उभे केले, मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांच्यासारख्या सर्जननी छाती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांची परंपरा घातली. टीबीच्या रुग्णांवर काम करता करताच छातीच्या शस्त्रक्रियेचा हात तयार झाला, असे आमच्या वॉर्डातले जुने डॉक्टर म्हणत.

आजची रीत अशी. भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालतात. तिच्यामुळे एका फुप्फुसाचा श्वास बंद ठेवून दुसऱ्यावर माणूस चालवता येतो. मग कुशीवर झोपवून दोन बरगड्यांच्या फटीतून आत जातात. बरगड्या थोड्या फाकवतात. "छाती फाडतात" हे ऐकून डोळ्यांपुढे येते तसे काही नसते. गाठ लहान असली तर बोटभर चिरांतून दुर्बिणीनेही निघते. गाठ मधल्या हाडामागे असली तर ते हाड उभे कापून नंतर तारेने जोडतात. या बाईची गाठ मोठी होती, पण तिला देठ होता, नारळाला असतो तसा. देठ फुप्फुसाला जिथे चिकटलेला होता तेवढी छोटी कड धरून ती काढली. तिची साखर दुसऱ्या दिवसापासून सुईशिवाय, सलाईनशिवाय जागेवर राहिली.

एक गोष्ट भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवी आणि ती माणसे सांगत नाहीत: आडवे झोपल्यावर घुसमटते का. पुढच्या भागातली मोठी गाठ, माणूस आडवा झाला की आपल्या वजनाने श्वासनलिकेवर बसते. उशांना टेकून बसूनच झोपण्याची ज्याला सवय लागली आहे त्याने ती लपवू नये. भुलेची सगळी आखणी त्यावरून बदलते.

धोके खोटे नाहीत. रक्तस्राव होतो, म्हणून रक्ताची सोय आधी करतात. फुप्फुसातून हवा गळत राहते, जंतुदोष होतो, पडद्याची किंवा आवाजाची नस दुखावू शकते, मायस्थेनियाच्या रुग्णाला नंतर श्वासासाठी यंत्र लागू शकते. म्हणूनच वय झालेल्या माणसाच्या छातीत योगायोगाने सापडलेली, काही त्रास न देणारी लहान गाठ नुसती नजरेखाली ठेवणे हाही चांगला उपचार आहे. सर्जनने "बघत राहू" म्हटले तर त्याला येत नाही म्हणून म्हणतो, असे समजू नये.

ऑपरेशननंतर छातीत एक जाड नळी असते आणि ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. आत साठलेली हवा आणि रक्त तिच्यातून बाहेर येते, पण पाण्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते. नातेवाईक ते पाहून घाबरतात, पण पाणी हलणे हे नळी चालू असल्याचे लक्षण आहे. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची. खाटेवर, मांडीवर घ्यायची नाही. चालताना हातात खाली धरून चालायचे. नळी आपण होऊन चिमटायची नाही. हवा आणि स्राव थांबले की, बहुधा काही दिवसांत, ती काढतात.

आणि दुखते. बरगड्यांमधल्या नसा दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, आणि मग कफ साचून न्यूमोनिया होतो. वॉर्डात सर्वांत जास्त भांडणे मी याच कारणाने केली. उशी पोटाशी घट्ट धरा आणि खोका. तीन चेंडूंचे खेळणे तोंडात धरून ओढा. दुखण्याची गोळी मागून घ्या, सोसण्यात काही मोठेपणा नाही. आपल्या बायका सोसतात, "काही नाही सिस्टर" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. ही बाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "तीन चेंडू वर गेले की घरी सोडाल ना?" आणि तिने ते खरेच वर नेले.

कागदांचे आता सांगते, कारण कागदावाचून अडलेली ऑपरेशने मी डोळ्यांनी पाहिली आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना रायगडला नवी नाही. २०१२ मध्ये ती जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. छातीच्या अनेक शस्त्रक्रिया तीत बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आता आहे, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी गाठायचे. रेशनकार्ड आणि आधार हवे. अडते ते इथेच. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव बापाच्या कार्डावर असते किंवा कुठेच नसते. या बाईचे कुठेच नव्हते. तहसील कार्यालयात खेपा घालून ते लागले. इतर मदतीसाठी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे अर्ज करता येतो. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटून त्याची नोंद मागावी.

वीर स्टेशनवरून गाडी पकडून किंवा एसटीने मुंबई गाठता येते, तेही एक वेळ जमते. राहण्याचे जमत नाही. रुग्णाला खाट मिळते, नवऱ्याला फूटपाथ. आपण या वेळी दोघांच्या जेवणाची आणि धर्मशाळेची व्यवस्था केली, त्याचा हिशेब कार्यालयात पाहायला मिळेल. पुढच्या रुग्णासाठी हा खर्च धरून ठेवावा, अशी माझी विनंती आहे, कारण योजनेत तो बसत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: गाठ साधी, पूर्ण निघालेली. तरीही या जातीची गाठ वर्षांनंतर परत येऊ शकते, म्हणून दरवर्षी फोटो काढायचा आहे, आणि पहाटे पुन्हा घाम फुटू लागला तर वर्षाची वाट न पाहता यायचे आहे. कुशीतून केलेल्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने ओझे उचलायचे नाही. मधले हाड कापले असेल तर तीन महिने. पाण्याचा हंडा हे ओझेच आहे, हे सासूला समोर बसवून सांगावे लागते. खांदा मात्र रोज हलवायचा, नाहीतर आखडतो.

जुने फोटो आणि सीटी स्कॅनची फिल्म टाकू नका. नव्या फोटोची तुलना त्याच्याशीच होते, आणि पूर्वीचा फोटो असला तर "हा डाग पाच वर्षे असाच आहे" एवढ्या एका गोष्टीवरून एखाद्याचे ऑपरेशन टळू शकते. चुलीच्या धुरात आणि पावसाच्या ओलीत फिल्म चिकटून खराब होते. खताच्या रिकाम्या पिशवीत नको, तिच्यात औषधाचा अंश राहतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चुलीपासून लांब, आढ्याला टांगून ठेवायची. भट्टीवर जाताना ती पिशवी घरी ठेवायची की बरोबर न्यायची, असे तिच्या नवऱ्याने मला विचारले. बरोबर न्या, म्हटले, आणि वर मोबाइलने काढलेले फोटो आमच्या दवाखान्याच्या वहीतही लावून ठेवले आहेत.